काउंटरवर आप्पांचा अपमान झाला, आता ते त्या दवाखान्यात जायलाच तयार नाहीत

खाडीपलीकडे | शनिवार, रात्री ९:४०

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ७६, सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, शुगरही आहे. चिपळूणला एका दवाखान्यात महिन्यातले दोन शनिवार कराडहून हृदयाचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे दाखवतो. डॉक्टर खरंच चांगले आहेत, समजावून सांगतात, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

आज नंबर होता. सोमवारी मी फोन करून लावला होता, सात नंबर म्हणून सांगितलं होतं. पावणेसहाच्या वस्तीच्या गाडीने निघालो, आप्पांना एसटी फुकट आणि माझं अर्धं तिकीट त्यामुळे रिक्षा करत नाही, पण गाडी तीच धरावी लागते, नंतरच्या गाडीने गेलं तर दहा वाजतात. आठच्या आधी पोचलो. काउंटरवर मुलगी आली साडेआठला. आप्पा उठून गेले, मला म्हणाले तू बस मी विचारतो. तिने वही बघितली आणि म्हणाली नाव नाही. आप्पा म्हणाले, अहो ताई सोमवारी फोन केलेला, सात नंबर सांगितलात. ती म्हणाली नाही म्हटलं ना, बसा तिकडे, शेवटी बघू. मग अर्ध्या तासाने आप्पा परत गेले कारण त्यांना रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं आणि शुगरची गोळी घ्यायची की नाही, खायचं की नाही तेवढंच विचारायचं होतं. तेव्हा ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आजोबा ऐकू येत नाही का, एकदा सांगितलं ना बसा म्हणून, घरी करमत नाही म्हणून येता का इथे?"

हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. आमच्याच बाजूची दोन ओळखीची. आप्पा शाळेत ३२ वर्षं शिक्षक होते, त्यांनी शिकवलेला एक मुलगा तिथेच बसला होता, त्याने मान खाली घातली. आप्पा काही बोलले नाहीत, पिशवी उचलली आणि बाहेर गेले. मी मागे धावले. ते म्हणाले घरी चल. मी खूप विनवलं, नाही म्हणजे नाही. आम्ही न दाखवता परत आलो.

आता म्हणतात मला परत तिथे नेऊ नको. गोळ्या आठ दिवसांच्या उरल्यात. मी तिथे तोंडातून एक शब्द काढला नाही याचा मला जास्त त्रास होतोय, काय बोलायला हवं होतं तेच सुचलं नाही, भांडावं असं वाटलं पण मग हेच डॉक्टर आहेत, दुसरे कुठे शोधू. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असेल तर काय केलंत ते सांगा.

---

लाल_माती | शनिवार, रात्री १०:०५

वाचून फार वाईट वाटलं. आधी महत्त्वाचं, स्टेंट घातल्यावर रक्त पातळ करायच्या ज्या दोन गोळ्या देतात त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नसतात, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तेव्हा अपमानाचं काय करायचं ते नंतर, उद्या आधी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणा.

दुसरं, तुम्ही बोलला नाहीत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरला लागणारा दरवाजा एकच असतो आणि त्या दरवाजात बसलेल्या माणसाला दुखवायची भीती वाटणं स्वाभाविक आहे. मुंबई-पुण्यात एक दवाखाना नाही आवडला तर समोर दुसरा असतो, आपल्याला घाट चढून कराडला नाहीतर कोल्हापूरला जायला लागतं.

---

देवगडचो_झील | शनिवार, रात्री १०:३१

माका वाचून खूप राग इलो. आमच्या आवशीक पण असाच केल्यानी गेल्या वर्षी, दवाखान्याचा नाव सांगूचा नाय. ती पोरगी आवशीक म्हणता "म्हातारे बाजूक बस". मी थयच आवाज चढवलंय. डॉक्टर भायर इलो, सॉरी म्हटल्यान, पाच मिनटात नंबर लागलो. शिरा ताणल्याशिवाय हय कोण आयकना नाय.

ताई तुम्ही पुढच्या वेळी भावाला नाहीतर कोणातरी पुरुष माणसाला घेऊन जा आणि सरळ डॉक्टरच्या केबिनमध्ये घुसा.

---

तिरफळ | शनिवार, रात्री ११:१२

@देवगडचो_झील राग समजतो पण केबिनमध्ये घुसायचा सल्ला देऊ नका. आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे, डॉक्टर आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही, धमकावणं आणि कामात अडथळा आणणंही त्यात येतं. काही फोडलंत तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने काउंटरवरचा कॉम्प्युटर ढकलला, वडील आत अ‍ॅडमिट होते, आणि हा दोन रात्री पोलीस स्टेशनला. वडिलांजवळ बसायला कोणी नव्हतं. चूक आधी दवाखान्याची होती पण त्यानंतर ती चूक कोणी विचारलीच नाही.

आणि केबिनमध्ये त्या वेळी कोणीतरी बाई तपासून घेत असेल, तिचाही विचार करा.

---

देवगडचो_झील | शनिवार, रात्री ११:२०

घुसा म्हणजे दार वाजवून असं म्हणायचं होतं. पण मान्य, शब्द चुकला.

---

काउंटरच्या_आतून | रविवार, दुपारी ३:१५

मी काल रात्रीच वाचलं होतं, लिहू की नको करत होते. मी रत्नागिरीत एका खाजगी हॉस्पिटलला रिसेप्शनला आहे, सहा वर्षं झाली. आप्पांना जे बोललं गेलं ते चूक, त्याला कसलंही कारण देता येणार नाही, हे आधी लिहिते कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी तिची बाजू घेते.

मी बारावी झाल्यावर लागले. पहिल्या दिवशी मला केसपेपर कसा भरायचा, पैसे कसे मोजायचे, फाईल कुठे लावायची हे शिकवलं. माणसाशी कसं बोलायचं हे सहा वर्षांत एकदाही कोणी शिकवलेलं नाही. सकाळी साडेआठ ते दोन आणि परत पाच ते नऊ. ओपीडीला साठ माणूस, दोन फोन सारखे वाजतात, मध्येच औषध कंपन्यांचे एमआर येऊन उभे, मध्येच कोणाचा तरी फोन की साहेबांचे पाहुणे येतायत त्यांना आधी सोड. ते पाहुणे आत गेले की बाहेरची चाळीस माणसं माझ्याकडे बघतात, डॉक्टरकडे नाही. डॉक्टर सिझरला गेले की दीड तास कोणीच आत जात नाही आणि प्रत्येक जण येऊन एकच विचारतो, अजून किती वेळ. मला खरंच माहीत नसतं, आणि माहीत नाही म्हटलं की मी उद्धट.

हे सगळं असूनही "घरी करमत नाही म्हणून येता का" असं बोलायची वेळ येता कामा नये. मी पण एकदा बोलले आहे. तिसऱ्या वर्षी असेन, एक म्हाताऱ्या आजी चौथ्यांदा विचारायला आल्या तेव्हा मी म्हटलं आजी तुम्हाला कळत नाही का. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने तोंड पुसलं आणि बसल्या. नंतर दवाखान्यातल्या मावशीने सांगितलं की त्यांना लघवीला जायचं होतं आणि नंबर जाईल म्हणून त्या विचारत होत्या. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, कोणी दुसऱ्यांदा आलं तर उत्तर द्यायच्या आधी विचारते, काही पाहिजे का. दहातल्या चार जणांना खरोखर दुसरंच काहीतरी पाहिजे असतं, पाणी, संडास, गाडीची वेळ, खायचं की नाही. आप्पांना पण तेच विचारायचं होतं ना.

आता तुमच्या नंबरचं. माझा अंदाज सांगते, चुकीचा असू शकतो. फोन तुम्ही केलात. फोन घेणारी नाव विचारते, फोन करणारी स्वतःचं नाव सांगते, वहीत तेच लिहिलं जातं. तुमचं सासरचं आडनाव वेगळं असेल तर आप्पांचं नाव वहीत नसणारच. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा होतं हे. दुसरा घोळ गावाच्या नावांचा, एका वाडीत सगळे एकाच आडनावाचे आणि त्यात नावंही आजोबाची नातवाला, मग एकाच्या नावासमोर दुसऱ्याची फाईल निघते. म्हणून फोनवर पेशंटचं पूर्ण नाव, वाडी, वय आणि जुन्या केसपेपरचा नंबर सांगा, आणि तिला म्हणा परत वाचून दाखवा.

---

खाडीपलीकडे | रविवार, संध्याकाळी ६:५०

@काउंटरच्या_आतून तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मी बसून आठवलं, फोनवर तिने "नाव?" विचारलं आणि मी माझंच सांगितलं होतं. सासरचं. म्हणजे नंबर बहुतेक होताच.

@लाल_माती गोळ्या आणल्या, शृंगारतळीला मिळाल्या. धन्यवाद.

पण एक विचारते, नाव नव्हतं हे धरलं तरी वही एकदा परत बघणं, सात नंबरला कोण आहे ते बघणं एवढं तर करता आलं असतं ना. आणि मी त्या क्षणी तुमच्यासारख्या कोणाला काय म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?

---

काउंटरच्या_आतून | रविवार, रात्री ९:३५

हो, बघता आलं असतं, बघायलाच हवं होतं.

काय म्हटलं असतं तर, मी माझ्यापुरतं सांगते. तुम्ही उद्धट आहात असं कोणी म्हटलं की मी मनाने बंद होते, मग समोरचा काय बोलतो ते ऐकूच येत नाही. पण कोणी जवळ येऊन हळू आवाजात म्हटलं की "बाय, हे माझे वडील आहेत, शुगरचे पेशंट आहेत, उपाशी आहेत, त्यांना फक्त खायचं का एवढंच विचारायचंय" तर मी शंभर टक्के उत्तर देते कारण त्यात मला करायला एक ठराविक काम असतं. आणि जर तरीही वाकडं बोलली तर तिचं नाव विचारा. ओरडून नाही, नुसतं "तुमचं नाव काय?" एवढंच. नाव विचारलं की माणूस सावध होतो, मी पण होते.

---

पागोळी | सोमवार, सकाळी ११:०२

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे पण याच काउंटरचा आहे. उद्धटपणा नुसता आवाजात नसतो. माझ्या जावेला एका ठिकाणी काउंटरवर विचारलं, "कशासाठी आलात?" ती हळू म्हणाली बाईंना भेटायचंय. "हो पण कशासाठी, पाळीचं का दिवस राहिलेत का दुसरं काही?" मागे रांगेत आमच्याच गावचे दोन पुरुष. दुसऱ्या दिवशी वाडीत सगळ्यांना माहीत. तिचा तिसऱ्यांदा गर्भ पडला होता आणि तिने ते सासूलाही सांगितलं नव्हतं.

गावात आजार लपत नाही असं लोक म्हणतात. तो काउंटरवरून बाहेर जातो म्हणून लपत नाही. टीबीची तपासणी करायला गेलेल्याचं नाव मोठ्याने घेऊन "थुंकीची डबी कोणाची" विचारतात, तो माणूस परत येईल का. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, ती माहिती पेशंटच्या संमतीशिवाय उघड करायला कायद्यानेच मनाई आहे, पण बाकी आजारांतही पेशंटची गोष्ट गुप्त ठेवणं हा हक्क आहे आणि तो डॉक्टरच्या केबिनपासून सुरू होत नाही, काउंटरपासूनच सुरू होतो.

जाऊबाई आता कागदावर लिहून नेते. कारण विचारलं की चिठ्ठी पुढे करते. तीन ठिकाणी केलं, तिन्ही ठिकाणी चिठ्ठी वाचून गप्प आत पाठवलं.

---

काउंटरच्या_आतून | सोमवार, दुपारी २:४०

@पागोळी चिठ्ठीचं खरंच चांगलं आहे. आम्हाला कारण विचारायला सांगितलेलं असतं कारण तापाचा पेशंट बाकीच्यात बसवायचा नसतो, गरोदर बाईला आधी सोडायचं असतं. पण मोठ्याने विचारायला कोणी सांगितलेलं नाही. मी आजपासून काउंटरवर कोरे कागद आणि पेन ठेवलंय.

---

निवृत्त_सिस्टर | सोमवार, रात्री ८:१८

मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, शेवटी जिल्ह्याला. उद्धट आम्हीही बोललोय, ओपीडीत दीडशे माणूस आणि दोन सिस्टर असल्या की जीभ घसरते. तरी ज्याला बोललं गेलं त्याच्या घरी काय होतं हे मी पाहिलंय म्हणून लिहिते. भातलावणीत ताप आलेल्या गड्याला एकदा हाकलल्यासारखं बोललं गेलं की तो परत येत नाही, घरी पडून राहतो, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असेल तर चार दिवसांत किडनीवर जातो आणि मग आणतात तेव्हा डोळे पिवळे. केसपेपरवर "उशिरा आला" असं लिहिलं जातं. का उशिरा आला ते कोणी लिहीत नाही.

तक्रार कुठे करायची ते लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. सरकारी ठिकाणी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक असतात, त्यांच्या टेबलावर लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तोंडी सांगून काही होत नाही. त्यावर जिल्हा शल्य चिकित्सक. १०४ वर फोन करूनही आरोग्य खात्याची तक्रार नोंदवता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे नाहीत, तरी कोणी मागितले तर पावती मागा. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, योजनेच्या पेशंटला काउंटरवर टोलवाटोलवी झाली तर त्याला गाठा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा.

खाजगीत, जिथे खाटा आहेत अशा नर्सिंग होमला २०२१ पासून नियम आहेत, रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, दरपत्रक लावायचं आणि तक्रार ऐकायची सोय ठेवायची. तुमच्या दवाखान्याला खाटा असतील तर भिंतीवर बघा. नसेल लावलेलं तर तेवढ्यावरूनही जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयात किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लिहिता येतं, नोंदणी त्यांच्याकडे असते.

एक मात्र कधी ऐकून घेऊ नका. फुरसं (विषारी साप) चावलेला, अपघात झालेला, छातीत दुखणारा माणूस दारात असताना "आधी डिपॉझिट भरा" म्हटलं तर तिथे नम्रपणा बाजूला ठेवा. तातडीचा प्रथमोपचार आधी, पैसे आणि पोलीस नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. "आधी डॉक्टरांना बोलवा" एवढंच परत परत म्हणत राहायचं. आणि १०८ ला फोन लावून ठेवायचा.

---

वस्तीची_गाडी | सोमवार, रात्री ९:०५

सिस्टर, सगळं बरोबर आहे पण लेखी तक्रार केली की पुढच्या वेळी पेशंटला त्रास देतील ही भीती आहे त्याचं काय? तालुक्यात बायकांची डॉक्टर एक, हाडांचा डॉक्टर पंधरा दिवसांनी. माझ्या भावाने तक्रार केली होती, त्यानंतर त्याला नेहमी शेवटचा नंबर.

---

निवृत्त_सिस्टर | सोमवार, रात्री ९:४८

ही भीती खरी आहे, नाही म्हणून मी खोटं बोलणार नाही. म्हणून मी पहिली पायरी डॉक्टरांनाच सांगायची म्हणते. तपासून झालं की उठताना दोन मिनिटं. भेटीला येणाऱ्या डॉक्टरला तर बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नसतो, तो दवाखाना त्याचा नसतो, ती मुलगी त्याची नसते. पण पेशंट त्याचे असतात आणि पेशंट तुटले तर त्याला कळायला हवं असतं. वर्ष-दोन वर्षं पेशंट येत नाही तेव्हा डॉक्टरला वाटतं बरा झाला असेल.

---

डोंबिवलीकर_पण_राजापूरचा | सोमवार, रात्री ११:३०

आईवडील गावी, मी इथे, सगळे नंबर फोनवरून मीच लावतो त्यामुळे हा अनुभव महिन्यातून एकदा येतो. मी काय करतो ते सांगतो. फोन ठेवायच्या आधी कोण बोलतंय ते विचारतो आणि लगेच त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप टाकतो, "आत्ता अमक्या ताईंशी बोललो, वडिलांचा नंबर अमुक, अमुक तारीख, सकाळी" आणि त्यात वडिलांच्या केसपेपरचा फोटो. मग ते वडिलांच्या मोबाईलवर पाठवतो आणि वडिलांना सांगून ठेवलंय की काही वाद न घालता मोबाईल पुढे करायचा. यात कोणाचा अपमान नाही. एकदा नाव नव्हतं तेव्हा त्या मेसेजवरून नाव मिळालं, पाच मिनिटांत.

आणि फाईल अडवतात त्याबद्दल. "रिपोर्ट इथेच राहणार" म्हणून आम्हाला दोनदा परत पाठवलं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मी लेखी मागितले, मिळाले. झेरॉक्सचे पैसे घेतले, ते ठीक आहे.

---

देवगडचो_झील | मंगळवार, सकाळी ७:५५

ह्या बरा सांगितलास. मी पण आवशीच्या मोबाईलवर तसाच करून ठेवतंय.

---

गावातला_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:१०

मी जनरल प्रॅक्टिस करतो, सिंधुदुर्गात. हा धागा बायकोने दाखवला. वाचताना दोन वेळा थांबलो.

माझ्या दवाखान्यात गेल्या वर्षीपर्यंत एक मुलगा होता, कामाला चोख, हिशोबात पैसा इकडचा तिकडे नाही. तो लोकांना काय बोलायचा हे मला एका पेशंटने तो सोडून गेल्यावर सांगितलं. मी विचारलं आधी का नाही सांगितलंत, तर म्हणाले तुम्हाला वाईट वाटलं असतं. चार वर्षं लोक माझं मन राखत होते आणि बाहेर स्वतःचा अपमान करून घेत होते. हा दोष त्या मुलाचा जितका तितकाच माझा, कारण ओपीडी संपल्यावर मी त्याला रोज एकच विचारायचो, आज किती झाले.

गर्दी कमी करणं माझ्या हातात नाही पण वाट बघणाऱ्याला किती वाट बघायची हे सांगणं हातात आहे. आता दाराबाहेर पाटी आहे, आत कितवा नंबर चालू आहे ते त्यावर लिहितो, मला बाहेर जावं लागलं तर किती वाजता येणार तेही लिहितो. शुगरवाल्यांना, लहान पोरांना आणि लांबच्या एसटीवाल्यांना पहिल्या तासात घेतो, ज्यांची दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसावं लागतं. एवढं केल्यावर "अजून किती वेळ" विचारणारे निम्म्याहून कमी झाले.

@खाडीपलीकडे आप्पांसाठी एक, रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तेव्हा शुगरची गोळी रक्त देऊन, खाऊन मगच घ्यायची असं साधारण सांगतात, गोळी घेऊन उपाशी बसलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, घाम फुटतो, चक्कर येते. त्यांच्या गोळ्यांप्रमाणे त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. खिशात साखर नाहीतर गुळाचा खडा असू द्या. आणि तुमच्या गावाजवळ रक्त काढणारी लॅब असेल तर रक्त आदल्या दिवशी तिथेच देऊन फक्त रिपोर्ट घेऊन जा, उपाशी प्रवासच नको.

डॉक्टरांना सांगा. कृपा करून सांगा. चिडचिड म्हणून नाही, पेशंटची तब्येत म्हणून सांगा, "या कारणाने हे गेल्या वेळी न तपासता परत गेले" असं. कुठलाही डॉक्टर ते वाक्य ऐकून खुर्चीत सरळ बसेल.

---

खाडीपलीकडे | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:२०

कळवायचं राहू नये म्हणून आजच लिहिते.

आप्पा तयार नव्हतेच. चार दिवस रोज विषय काढला आणि रोज उठून मागच्या अंगणात जायचे. मग मी म्हटलं तुम्ही हॉलमध्ये येऊ नका, समोर चहाच्या टपरीवर बसा, नंबर आला की मी हाक मारते. त्यावर हो म्हणाले. रक्त काल शृंगारतळीच्या लॅबमध्ये दिलं. नंबर या वेळी आप्पांच्या नावाने, वाडीसकट, आणि व्हॉट्सअ‍ॅप टाकून.

काउंटरवर तीच मुलगी होती. मी गेले, मेसेज दाखवला, चार नंबर. मी तिला हळूच म्हटलं, गेल्या वेळी नंबर माझ्या नावावर होता, माझं चुकलं, पण तुम्ही माझ्या वडिलांना जे बोललात त्याने ते न तपासता घरी गेले, त्यांना स्टेंट आहे. माझा आवाज थरथरत होता, पाठ करून गेले होते तरी. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली मला आठवत नाही. खरंच आठवत नसावं, रोज इतकी माणसं. मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी ईसीजी बघितला, ठीक आहे म्हणाले, एक गोळी बदलली. उठताना मी @गावातला_डॉक्टर यांनी सांगितलेलं वाक्य तसंच्या तसं म्हटलं. आप्पांनी माझा हात दाबला, बोलू नको म्हणून, पण मी बोलले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आप्पांना म्हणाले, "सर, मला हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी काही झालं तर सिस्टरला आत पाठवून निरोप द्या, मी बाहेर येईन." त्यांनी सर म्हटलं, आप्पा शिक्षक होते हे फाईलवर कुठेतरी असेल किंवा मी पहिल्यांदा सांगितलं असेल. आप्पा काही बोलले नाहीत पण बाहेर आल्यावर टपरीकडे नाही गेले, हॉलमध्ये बसले, मी औषधं घेऊन येईपर्यंत. ती मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली होती असं नंतर म्हणाले. प्यायलात का विचारलं तर म्हणाले तहान नव्हती.

सगळ्यांचे आभार.

---

काउंटरच्या_आतून | शनिवार, रात्री १०:०२

बरं केलंत बोललात. तिला आता आठवेल.

---

डोंबिवलीकर_पण_राजापूरचा | रविवार, सकाळी ९:३०

छान झालं. एक लक्षात ठेवा, गणपतीत बाहेरून येणारे डॉक्टर एखादा शनिवार चुकवतात आणि त्या आठवड्यात घाटात ट्रॅफिक पण असतं, आमचा गेल्या वर्षी तसा महिना गेला. गोळ्या जास्तीच्या लिहून घेतल्यात ना?

---

खाडीपलीकडे | रविवार, सकाळी ११:१५

हो, दीड महिन्याच्या लिहून घेतल्या. गणपतीच्या आधीच्या शनिवारी येणार आहेत, नंतरच्या नाही. आधीच्याचाच नंबर लावलाय, या वेळी आप्पांनी स्वतः फोन केला.